इमारतीची दर्शनी भिंत: काँक्रीट पॅनेल लावावे की झाडे?

दर काही वर्षांनी परांची बांधून रंग देण्याला कंटाळलेल्या गृहनिर्माण संस्था हल्ली दर्शनी भिंतीला कायमचे आवरण घालायचा विचार करतात. सभेत दोन फोटो फिरतात, एक राखाडी काँक्रीट पॅनेलचा आणि दुसरा हिरव्यागार भिंतीचा. मतदान फोटोवर होते. फोटोत पंप दिसत नाही, अँकर (भिंतीत रोवलेले बोल्ट) दिसत नाहीत आणि पावसाळाही दिसत नाही.

पॅनेल हे बांधकाम आहे, हिरवी भिंत ही शेती आहे. पहिल्यात सगळी अक्कल बसवतानाच लागते, दुसरीत ती रोज लागते. दोन्हींचा बिघाड मात्र बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सुरू होतो, तो म्हणजे पाणी. त्यामुळे खालच्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत राहा: इथे पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार?

आकडेमोडीसाठी १० मीटर रुंद आणि १२ मीटर उंच अशी १२० चौरस मीटरची भिंत धरली आहे. तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारतीची एक बाजू साधारण एवढी भरते.

१. आधी भिंत तपासा, नमुने नंतर पाहा

ओल झाकण्यासाठी या दोन्हींपैकी काहीही लावू नका. गळती आवरणामागे गेली की ती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. आणि नंतर शोधायची तर आवरण उतरवावे लागते.

आतून प्रत्येक खोलीची त्या बाजूची भिंत पाहा. बाहेरून गिलाव्यावर लाकडी दांड्याने ठोका. पोकळ आवाज आला की तिथला गिलावा सुटलेला आहे. तुळई आणि स्तंभ यांच्या कडेने उभ्या-आडव्या भेगा, गंजाचे तांबूस डाग किंवा काँक्रीटचा पापुद्रा सुटलेला दिसला तर आतली सळई फुगली आहे. अशा काँक्रीटमध्ये अँकर मारून उपयोग नाही. आधी दुरुस्ती, मग आवरण.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट अपेक्षित असते. तो अहवाल ताजा नसेल तर कोटेशन मागवायची घाई करू नका. ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरला स्पष्ट विचारा: "या बाजूच्या तुळयांवर दर चौरस मीटरला अमुक किलो जादा वजन चालेल का?" उत्तर लेखी घ्या.

आणि नळ! आपल्याकडे सांडपाण्याचे पाइप, पावसाळी पाइप, एसीचे बाहेरचे युनिट आणि केबल हे सगळे बाहेरच्या भिंतीवरच असते. हे सारे पॅनेलमागे दडवून टाकले की चोकअप काढायला प्लंबर जाणार कुठून? पाइपांच्या पट्ट्यापुढे उघडता येणारी झडप किंवा जाळी हवी. हे ड्रॉइंगमध्येच दिसले पाहिजे.

२. भिंतीची दिशा बघून अर्धा निर्णय होतो

मुंबई-कोकणात नैऋत्येचा पाऊस पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंतींवर आडवा झोडपतो. या भिंतींवर पॅनेल लावायचे असेल तर सांध्यातून थोडे पाणी आत शिरणारच असे धरून रचना करावी लागते. त्याच पश्चिम भिंतीवर मार्च ते मे दुपारचे कडक ऊन असते, त्यामुळे नाजूक पानांची झाडे तिथे टिकत नाहीत. उत्तरेच्या भिंतीवर ऊन कमी, त्यामुळे पानझाडे खुश. पण पॅनेलवर पावसाळ्यानंतर शेवाळाचे काळे ओघळ सर्वांत आधी इथेच दिसतात.

गारव्याबद्दल दोन्ही बाजूंचे विक्रेते जरा सैल बोलतात. १२ मिलिमीटरच्या काँक्रीट पॅनेलला स्वतःची अशी उष्णतारोधकता जवळपास नाही. फायदा होतो तो मागच्या हवेशीर पोकळीचा आणि भिंतीवर पडणाऱ्या सावलीचा. झाडांचा गारवा पाण्याच्या वाफेतून येतो: एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता खर्च होते. पुणे, नाशिक, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे जाणवते. मुंबईच्या दमट हवेत वाफच कमी होते, तेव्हा अपेक्षाही कमी ठेवा.

३. वजन आणि वारा

साचलेले पाणी धरून दर चौरस मीटरचे अंदाजे वजन असे येते:

– १०० मिलिमीटरचे सळईचे प्रीकास्ट (आधीच ओतून आणलेले) पॅनेल: २४० ते २५० किलो
– १२ मिलिमीटरचे जीआरसी, म्हणजे काचतंतू घातलेले काँक्रीट: २४ किलो, सांगाड्यासह ३५ च्या आसपास
– १० मिलिमीटरचा फायबर सिमेंट बोर्ड: १५ किलोच्या आसपास, अधिक सांगाडा
– कुंड्यांची हिरवी भिंत, भिजलेल्या माध्यमासह (मातीऐवजीचे मिश्रण): ४० ते ७० किलो
– तारेवर चढणाऱ्या वेली: सर्वांत हलक्या, पण वाढल्यावर वारा अडवतात

उभ्या असलेल्या इमारतीसाठी पहिला पर्याय सोडूनच द्या. तो नव्या बांधकामाचा आहे. आपल्या १२० चौरस मीटरवर जीआरसीचे सुमारे ४,२०० किलो होतात, तर ६० किलोने धरलेल्या हिरव्या भिंतीचे ७,२००. "झाडं काय, हलकीच असतात" हे वाक्य सभेत ऐकू आले तर हा आकडा पुढे करा.

वजनापेक्षा वारा महत्त्वाचा. आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरतात. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दाब मिळतो: मुंबईत दर चौरस मीटरला सुमारे १,१६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोचा जोर. १.२ बाय २.४ मीटरचे जीआरसी पॅनेल स्वतः ७० किलोचे असते, पण त्याला बाहेर ओढणारा जोर ३४० किलोच्या घरात जातो. इमारतीच्या कोपऱ्यांवर हा ओढा आणखी वाढतो. म्हणून पॅनेल "खाली पडू नये" एवढे पाहून भागत नाही, ते बाहेर ओढले जाऊ नये हे पाहायचे. उंची, आजूबाजूची वस्ती आणि कोपऱ्यांचे गुणक लावून पक्के गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच करायचे असते. कंत्राटदाराचा "आम्ही नेहमी असंच लावतो" हा दाखला त्याची जागा घेऊ शकत नाही.

४. पॅनेल घेताना काय विचारायचे

जीआरसीमध्ये तंतू अल्कलीरोधक काचेचे हवेत. सिमेंट अल्कधर्मी असते; साधे काचतंतू त्यात हळूहळू खाल्ले जातात आणि पॅनेल ठिसूळ होते. अल्कलीरोधक काचेत झिरकोनियाचे प्रमाण १६ टक्क्यांच्या वर असते, त्याचा दाखला मागा. फवारणीने केलेल्या पॅनेलमध्ये तंतू साधारण ५ टक्के, साच्यात ओतलेल्यात ३ टक्के असतात. 'ग्रेड १८' म्हणजे २८ दिवसांनी वाकवण्याची ताकद १८ मेगापास्कल. मोठ्या पॅनेलसाठी हीच ग्रेड मागा. ८ किंवा १० ग्रेड जाळी-नक्षीला ठीक.

फायबर सिमेंट बोर्ड हा स्वस्त पर्याय आहे आणि वाईट नाही. त्याच्या कापलेल्या कडा मात्र पाणी पितात. साइटवर कापलेली प्रत्येक कड सील केली नाही तर दोन पावसाळ्यांत कोपरे पापुद्र्यासारखे सुटू लागतात.

रंगाचा नमुना हातभर तुकड्यावर पाहून भागत नाही. किमान १ मीटर बाय १ मीटरचे दोन नमुने, वेगवेगळ्या दिवशी ओतलेले, भिंतीला टेकवून कोरडे आणि ओले असे दोन्ही पाहा. काँक्रीटचा रंग घाण्यागणिक थोडा बदलतोच; किती फरक चालेल ते या नमुन्यांवर ठरवून दोन्ही नमुने काम संपेपर्यंत जपून ठेवा.

५. पॅनेल बसवण्याचा क्रम

अ) ओळंबा आणि लेव्हल लावून भिंतीचा वाकडेपणा मोजा. जुन्या इमारतीत वरपासून खालपर्यंत ३० ते ४० मिलिमीटरचा फरक सहज निघतो. तो ब्रॅकेटच्या लांबीत सामावायचा. वॉशरांच्या चळती रचून नव्हे.

आ) उभे चॅनेल (पॅनेल धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या) शक्यतो मजल्याच्या तुळयांना धरा, म्हणजे साधारण तीन-तीन मीटरवर. मधल्या वीटकामावर किंवा एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकवर भार टाकू नका. तिथे आधार घ्यावाच लागला तर जाळीची नळी घालून केमिकल अँकर (भोकात चिकटद्रव्याने बसणारा) वापरा. ठोकून फुगवायचा अँकर वीट फोडतो.

इ) भोक पाडण्याआधी कव्हर मीटरने सळई शोधा. भोकातली धूळ फुंकून, ब्रशने घासून, पुन्हा फुंकून काढा. केमिकल अँकर निसटण्याचे सर्वांत सामान्य कारण धूळच असते. ठरावीक अँकर डिझाइनच्या भाराच्या दीडपट ओढून तपासा आणि नोंद ठेवा.

ई) किनाऱ्याजवळ ब्रॅकेट आणि बोल्ट एसएस (स्टेनलेस स्टील) ३१६ चे हवेत, आत देशावर ३०४ चालते. ॲल्युमिनिअमचा चॅनेल आणि स्टीलचा बोल्ट थेट भिडवू नका. मध्ये नायलॉन किंवा निओप्रीनचा वॉशर घाला, नाहीतर खाऱ्या हवेत ॲल्युमिनिअम झिजते.

उ) पॅनेलचे वजन दोनच बिंदूंवर टाका, बाकीचे बिंदू फक्त वाऱ्यासाठी. तीन-चार बिंदूंवर वजन वाटले तर कोणता बिंदू किती उचलतोय ते कळत नाही आणि भेग तिरकी जाते. वाऱ्याच्या बिंदूंना लांबट भोके द्या. ३ मीटरच्या काँक्रीट पॅनेलची लांबी ४० अंशांच्या फरकाने १.२ मिलिमीटर बदलते. तेवढ्याच ॲल्युमिनिअमची २.८ मिलिमीटर. हालचालीला जागा नसेल तर काँक्रीट ती जागा भेगेने करून घेते.

ऊ) मागे किमान २५ ते ४० मिलिमीटर पोकळी, खाली पाणी निघायला आणि वर हवा जायला वाट. दोन्ही टोकांना बारीक जाळी, नाहीतर पोकळीत उंदीर नांदतील. प्रत्येक मजल्यावर आगीचा अडथळा लागतो, कारण सलग पोकळी आगीच्या वेळी धुराड्याचे काम करते.

ए) सांधे ८ ते १२ मिलिमीटर. आत फोमची दोरी, वर न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारे) सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, त्याची जाडी सांध्याच्या रुंदीच्या निम्मी. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन काँक्रीटवर धरत नाही. वास आला की ट्यूब परत पाठवा. सच्छिद्र काँक्रीटवर साधे सिलिकॉन तेलकट डाग सोडते, म्हणून डबीवर 'डाग न सोडणारे' असे पाहा.

ऐ) खिडकीच्या वरच्या आणि प्रत्येक बाहेर आलेल्या कडेच्या तळाला पाणी तोडणारी खाच हवी. एवढीशी खाच वगळल्याने पुढची पंधरा वर्षे काळे ओघळ पुसत बसावे लागते.

साइटवर पॅनेल लाकडी ठोकळ्यांवर तिरपी उभी ठेवा. आडवी रचली की वाकतात, आणि वाकलेले पॅनेल बोल्ट आवळून सरळ करायला गेले की तडकते.

६. हिरवी भिंत: तीन प्रकार

वेली तारेवर: जमिनीत किंवा मोठ्या हौदात मुळे, भिंतीपासून दूर धरलेल्या एसएस तारा. पाणी कमी, वजन कमी, पंप बंद पडला तरी मातीत ओल राहते. गच्चीवरून खाली सोडायची तर पडदावेल. ऊन भरपूर असेल तर मधुमालती किंवा बोगनवेल. भिंतीला स्वतः चिकटणारी फायकस प्युमिला गिलाव्यावर नको, ती काढताना रंग आणि गिलावा सोबत घेऊन येते.

कुंड्यांचे मॉड्यूल: चौकटीत अडकवायच्या प्लास्टिकच्या कुंड्या, चौरस मीटरला साधारण ३० ते ३६. आपल्या भिंतीला ३,६०० ते ४,३००. एक रोप मेले तर एक कुंडी बदलता येते, हा मोठा फायदा.

फेल्ट (नमद्यासारखे जाड कापड): पॅट्रिक ब्लांक या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेली पद्धत. धातूची चौकट, १० मिलिमीटरची पीव्हीसी शीट आणि तिच्यावर फेल्टचे दोन थर, माती नाही. पॅरिसमधल्या के ब्रांली संग्रहालयाची भिंत या पद्धतीची आहे. दिसायला ही सर्वांत देखणी. पण फेल्टमध्ये पाण्याचा साठा जवळपास नसतो. विदर्भातल्या मे महिन्यात एक दुपार वीज गेली तर काय होईल याचा विचार करा आणि मगच तिच्या वाटेला जा.

आमचे मत विचाराल तर गृहनिर्माण संस्थेने वेलींपासून सुरुवात करावी आणि कुंड्या लावायच्याच तर पहिल्या दोन मजल्यांपर्यंत, जिथे घोडा लावून माळ्याचा हात पोचतो. त्याच्या वरच्या मजल्यांना पॅनेल. तिसऱ्या मजल्यावरच्या रोपाला पाळणा किंवा दोरीवरची टीम लागते. तो खर्च दरवेळी मंजूर होत नाही आणि मग वरचा पट्टा वाळतो.

७. पाण्याची व्यवस्था

पूर्ण १२० चौरस मीटर कुंड्या लावल्या तर दर चौरस मीटरला ४ लिटरप्रमाणे रोज ४८० लिटर, कडक उन्हाळ्यात ६ लिटरने ७२० लिटर लागतात. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीने हा आकडा आधी पाहावा. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरता येते. मात्र गाळण दुप्पट काळजीने करावे लागते.

साहित्य: टाकी, पंप आणि जोडीला एक राखीव पंप, १२० मेशचा डिस्क फिल्टर, खत पाण्यात ओढून घेणारी व्हेंच्युरी, टायमर, सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारे) व्हॉल्व्ह, १६ मिलिमीटरच्या काळ्या लॅटरल नळ्या आणि ताशी २ लिटरचे दाब-नियंत्रित ड्रिपर. शेतातल्या ठिबकचेच सामान आहे. कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते, त्यामुळे 'खास आयात प्रणाली'च्या नावाने अवाच्या सवा दर देऊ नका. पंपाचा दाब ठरवताना १२ मीटर उंची, ड्रिपरला लागणारे १० मीटर आणि फिल्टर-नळांतले नुकसान धरून २७ ते ३० मीटरचा हेड (पाणी चढवण्याची उंची) येतो.

घोटाळा होतो तो इथे: पाणी खाली उतरते, म्हणून वरच्या ओळी कोरड्या आणि खालच्या चिखलात राहतात. उपाय म्हणजे दर अडीच-तीन मीटर उंचीला वेगळा झोन आणि त्याचा वेगळा व्हॉल्व्ह. पंप बंद झाल्यावर नळीत उरलेले सगळे पाणी सर्वांत खालच्या ड्रिपरमधून गळते, म्हणून पंप बंद होताच स्वतः बंद होणारे ड्रिपर घ्या. दिवसातून एकदा भरपूर देण्याऐवजी तीन-चार वेळा थोडे थोडे द्या. पावसाळ्यात टायमर पूर्ण बंद करू नका. भिंत उभी असल्याने आणि वर छज्जा असल्याने काही ओळींना पाऊस लागतच नाही, आणि जुलैत वाळलेली रोपे पाहून सगळे चक्रावतात.

बोअरचे पाणी जड असेल तर ड्रिपर क्षाराने बंद पडतात. आधी पाण्याची तपासणी करा, दर काही महिन्यांनी सौम्य आम्लाने नळ्या धुवा. फेल्ट पद्धतीत पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप) ५.५ ते ६.५ मध्ये ठेवावा लागतो.

खाली जमणाऱ्या पाण्यासाठी उतार असलेली पन्हळ आणि थेट पावसाळी गटाराशी जोड हवी. पन्हळीत बोटभर स्वच्छ पाणी साचले तरी डेंग्यूच्या एडिस डासाला ते पुरते. पालिकेचे तपासनीस येतात ते याच जागी टॉर्च मारायला.

भिंत आणि चौकट यांच्यात किमान ५० मिलिमीटर मोकळी हवा ठेवा आणि भिंतीवर आधी वॉटरप्रूफिंग करा. चौकट थेट गिलाव्यावर टेकवली तर पहिल्याच वर्षी आतल्या बेडरूमच्या भिंतीला पोपडे येतात.

८. रोपे

सावलीत: सिंगोनियम, मनीप्लांट, नेचे, स्पायडर प्लांट. उन्हात: ऱ्हिओ, जांभळी सेटक्रेशिया, डुरांटा, शेफ्लेरा. एकच जात सगळीकडे लावू नका. मिलीबग (पिठ्या ढेकूण) लागला की भिंतभर पसरतो. माध्यमात कोकोपीट, परलाइट आणि गांडूळखत. बागेची माती नको, ती जड होते आणि घट्ट बसते. एसीच्या युनिटची गरम हवा जिथे येते तिथला मीटरभर पट्टा मोकळा सोडा. विजेच्या मीटरजवळ आणि आगीच्या वेळी बाहेर पडायच्या मार्गाजवळही रोपे नकोत, कारण वाळलेली पाने आणि प्लास्टिकच्या कुंड्या भुरकन पेटतात. सिमेंटचे पॅनेल स्वतः पेटत नाही, हा त्याचा मोठा गुण इथे मोजा.

९. कागदपत्रे आणि करार

सर्वसाधारण सभेचा ठराव, मंजूर नकाशा, ताजे ऑडिट, वाऱ्याच्या गणितासह स्ट्रक्चरल इंजिनिअरचे सहीचे ड्रॉइंग, आवरण मोकळ्या जागेत किती पुढे येते याबद्दल आर्किटेक्टचे आणि गरज असेल तर पालिकेचे पत्र, स्टीलचा मिल टेस्ट (कारखान्यातल्या चाचणीचा) दाखला, जीआरसीचे चाचणी अहवाल, अँकर ओढल्याच्या नोंदी, पाण्याचा तपासणी अहवाल, कामगारांचा विमा.

कोटेशनची तुलना पहिल्या दिवसाच्या दरावर करू नका, दहा वर्षांच्या खर्चावर करा. पॅनेलच्या रकान्यात सांध्यांचे सीलंट पुन्हा भरणे आणि धुणे येते. हिरव्या भिंतीच्या रकान्यात माळी, खत, वीज, पाणी, पंपदुरुस्ती आणि दरवर्षी किमान दहा टक्के रोपे बदलणे. परांचीचा किंवा पाळण्याचा खर्च दोन्हीकडे वेगळा लिहून घ्या, तोच बहुतेक वेळा 'एक्स्ट्रा' म्हणून नंतर उगवतो.

देखभाल कराराचा मजकूर "रोपे निरोगी ठेवणे" असा मोघम नको. महिन्याला किती भेटी, मेलेले रोप किती दिवसांत बदलणार, पंप बंद पडल्यावर किती तासांत माणूस येणार, हे आकड्यांत हवे. उन्हाळ्यात २४ तास ही कमाल मुदत. शेवटची रक्कम एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा उलटल्यावरच द्या.

१०. ताबा घेताना

पॅनेलच्या भिंतीवर मजल्यामजल्याने होज पाइपने पाणी मारा आणि त्या वेळी आत प्रत्येक खोलीत माणूस उभा करा. पाणी खालच्या वाटेने बाहेर येते का ते पाहा; अजिबातच आले नाही तर ते कुठे अडकले आहे ते शोधा. राखीव म्हणून त्याच घाण्यातली निदान पाच पॅनेल सोसायटीच्या गोदामात ठेवून घ्या.

हिरव्या भिंतीवर सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या झोनमधल्या काही ड्रिपरखाली बाटल्या लावून पंधरा मिनिटांचे पाणी मोजा. ताशी २ लिटरच्या ड्रिपरमधून अर्धा लिटर यायला हवे. वर-खाली दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ताबा घेऊ नका. मुख्य पंप बंद करून राखीव पंप आपोआप सुरू होतो का तेही पाहा.

दोन्ही भिंतींवर ऑक्टोबरमध्ये एक फेरी लावा. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळ आणि वडाचे बी सांध्यात आणि कुंड्यांत तोपर्यंत रुजलेले असते. चार पानांचे रोप दोन बोटांनी निघते. पुढच्या वर्षी तेच काढायला पॅनेल उतरवावे लागते.